वरची आणि डावी आपली

मंगळवारी दुपारी मी मसूर निवडत बसले होते. अर्धा डबा निवडून झाला होता, अर्धा व्हायचा होता, आणि दारात किल्ली फिरली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. आमच्या घरात त्या वेळी किल्ली फिरत नाही. वन्सं सहाला येतात आणि हे साडेसातला, दुकान बंद करून. चौतीस वर्षांच्या नोकरीत वन्सं सहाच्या आधी आल्या त्या फक्त सासूबाई गेल्या त्या दिवशी. म्हणून माझ्या मनात आधी तेच आलं, की आता कोण गेलं.

कोणी गेलं नव्हतं. वन्संनी पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले, माझ्यासमोर बसल्या आणि ताट ओढून मसूर निवडायला लागल्या. थोड्या वेळाने पाहिलं तर खडे डब्यात चालले होते आणि मसूर कचऱ्यात.

"वन्सं," मी म्हटलं, "उलटं चाललंय."

"हो," त्या म्हणाल्या. "तिकडेही आज तेच म्हणाले."

मी रोजची वही लिहिते. सकाळी देवापुढे बसून उठलं की आदल्या दिवसाचं चार ओळींत लिहायचं, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. त्या दिवसाचं असं लिहिलं आहे: 'वन्सं तीन-दहाला घरी. मसूर अर्धे. डबा पुन्हा निवडावा लागेल. कारण विचारलं नाही.' ते त्यांनी संध्याकाळी आपणहून सांगितलं.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे नातेवाईक मला विचारतात, त्यांना विचारायची कोणाची छाती नाही. त्या एका संशोधन संस्थेत पेशी मोजतात. लोकांना हे सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे नक्की काय करतात?" आणि मी म्हणते, "पेशी मोजतात." यापलीकडे सांगण्यासारखं त्यात फार नाही. रक्ताचा थेंब एका काचेवर घेतात. काचेवर केसाहून बारीक रेषांनी चौकटी आखलेल्या असतात, बुद्धिबळाच्या पटासारखी घरं. मायक्रोस्कोपमधून बघायचं आणि एकेका घरात किती पेशी आहेत ते मोजायचं. हातात एक लोखंडी खटका असतो, अंगठ्याने दाबला की आकडा एकाने पुढे सरकतो. वन्संच्या उजव्या हाताचा अंगठा डाव्यापेक्षा जाड आहे तो त्याने. संस्थेत त्यांना सगळे मोजणीबाई म्हणतात. त्यांच्या आधीही एक मोजणीबाई होत्या, त्यांच्याकडून ह्या शिकल्या, म्हणून त्या थोरल्या मोजणीबाई. थोरल्या बाई चुकलं की मनगटावर पेन्सिल मारायच्या. वन्सं म्हणतात, फार लागायचं नाही, पण मोजणी पहिल्यापासून करावी लागायची आणि ते लागायचं.

घरात मात्र ह्या बाई काहीही मोजत नाहीत. भाजीवाल्याने किती सुटे परत दिले ते बघत नाहीत, धोब्याकडून किती कपडे आले ते मला विचारतात. एकदा जिन्याच्या पायऱ्या किती असं कोणी विचारलं, तर चौतीस वर्षं रोज चढणाऱ्या ह्या बाई म्हणाल्या, "आहेत पुष्कळ." हे एकदा चिडून म्हणाले होते, "अगं, दिवसभर मोजतेस ना?" तर म्हणाल्या, "म्हणूनच, दादा."

आता मंगळवारचं.

संस्थेत तीन वर्षं एका औषधाची परीक्षा चालू होती. ज्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत जातात अशा साठ रोग्यांना ते औषध देत होते आणि दर महिन्याला त्यांच्या पेशी मोजत होते. वाढल्या तर औषध लागू. पहिली दोन वर्षं वन्संनी डोळ्यांनी मोजल्या. मग संस्थेत मोजणीचा कॉम्प्युटर आला. मायक्रोस्कोपवर कॅमेरा बसवायचा, तो फोटो काढणार, कॉम्प्युटर मोजणार. पेशी कशी दिसते हे त्याला शिकवायला वन्संनीच चार हजार फोटोंवर खुणा करून दिल्या. तो शिकला. मग वन्सं काचा तयार करायला लागल्या, आणि मोजायला तो.

ह्या शेवटच्या वर्षात रोग्यांच्या पेशी वाढल्या. जवळजवळ सगळ्यांच्याच. मोठे डॉक्टर, म्हणजे ज्यांचं हे संशोधन, ते खूश. वन्संही खूश होत्या. त्यांना रोग्यांची नावं ठाऊक नसतात, बाटलीवर नुसता नंबर असतो. पण नंबरांशीही माणसाचा जीव जडतो. त्यांचा जीव सत्तावीस नंबरवर. सत्तावीस नंबरच्या पेशी दोन वर्षं जिथल्या तिथे होत्या, आणि कॉम्प्युटर आल्यावर चढल्या. त्या संध्याकाळी वन्संनी घरी येऊन दोन कप चहा घेतला होता. वहीत तेही आहे.

आता निबंध छापायला धाडायचा. त्याआधी संस्थेतली गणितवाली, म्हणजे आकड्यांची तपासणी करणारी बाई, तिने वन्संना तीस काचा जुन्या पद्धतीने डोळ्यांनी मोजायला सांगितल्या. नुसती ताडून पाहायला. वन्संनी मोजल्या. तीसच्या तीस काचांवर वन्संचा आकडा कॉम्प्युटरच्या आकड्यापेक्षा कमी आला. जिथे कॉम्प्युटर एकशे दहा म्हणतो तिथे ह्या शंभर.

मोठ्या डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं. बसायला सांगितलं तेव्हाच समजलं, असं वन्सं म्हणाल्या.

"तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे."

"केव्हा कळलं?"

"मागच्या वर्षी."

"बघा," डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दोन वर्षांच्या तुमच्या मोजणीवर माझा पूर्ण विश्वास आहे. तेव्हा डोळे चांगले होते. आताच्या मोजणीवर नाही. वयोमानाने होतं. कोणी तुम्हाला दोष देत नाही. ह्या तीस काचा आपण बाजूला ठेवू. आणि तुम्हीही आता जरा विश्रांती घ्या. निवृत्तीला तीनच तर महिने राहिलेत."

वन्सं सांगत होत्या आणि हे ऐकत होते. ह्यांचा चहा तसाच राहिला.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? बरं म्हटलं."

"चौतीस वर्षांनी ह्याने विश्रांती घ्या म्हणावं आणि तू बरं म्हणावंस?"

"दादा, डोळ्यात मोतीबिंदू आहे. तो काय मी डॉक्टरांच्या तोंडावर नाकारू?"

"वन्सं," मी म्हटलं, "पण तुम्ही मोजता डाव्या डोळ्याने."

हे मला ठाऊक होतं कारण त्यांचा जुना मायक्रोस्कोप एकाच डोळ्याचा आहे, आणि घरात सुईत दोरा ओवतानाही त्या उजवा मिटतात.

"डाव्याने," त्या म्हणाल्या. "कोणत्या डोळ्याने ते त्यांनी विचारलं नाही. आणि डावा तरी कुठे सोळा वर्षांचा राहिलाय, वहिनी? सुटतही असतील दहा. मलाच आता काय सांगता येतंय."

मला ह्याचंच वाईट वाटलं. डॉक्टरांनी म्हणणं वेगळं. ह्या बाई स्वतःच्या मोजणीबद्दल 'असतील' म्हणाल्या, हे मी पहिल्यांदा ऐकलं. डोळ्याच्या शस्त्रक्रियेची चिठ्ठी चार महिने कपाटावर पडली होती. मी विषय काढला तर म्हणाल्या, "आता नको. आता केली तर म्हणतील, बघा, खरंच डोळा गेलेला होता."

बुधवारी त्या कामावर गेल्या आणि वेळेवर आल्या. दिवसभर जुन्या वह्या फडताळात लावल्या म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी दार वाजलं, तर एक पस्तिशीची बाई, खांद्यावर मोठी झोळी, केस कसेतरी बांधलेले. मागे वन्सं.

"ही आमची गणितवाली," वन्सं म्हणाल्या. "हिला मी कशी मोजते ते बघायचंय."

"मग तिकडेच नाही का बघायचं?" मी विचारलं.

"तिकडे ताईंनी मायक्रोस्कोपला हात लावायचा नाही असं ठरलंय," गणितवाली म्हणाली. "घराबद्दल काही ठरलेलं नाही."

मला ही बाई तिथेच आवडली. मी चहा टाकला. मसूर अजून टेबलावरच होते, कारण तो डबा मी पुन्हा निवडत होते. गणितवाली बसल्या बसल्या बोलायला लागली, आणि तिच्या बोलण्यातलं मला जेवढं समजलं तेवढं लिहिते.

ती म्हणाली, डोळा थकला की माणूस चुकतो, मान्य. पण थकलेला डोळा असा शिस्तीत चुकत नाही. सकाळी कमी चुकेल, दुपारी जास्त. एखाद्या काचेवर दोन सुटतील, एखादीवर वीस, कधी चुकून दोन जास्तही धरेल. ताई तीसच्या तीस काचांवर साधारण दहाव्या हिश्श्याने कमी. सकाळी तेवढ्याच, दुपारी तेवढ्याच.

"मीही सांगून थकले डॉक्टरांना," ती म्हणाली. "ते म्हणतात, कॉम्प्युटरने एकच फोटो तीनदा मोजला तर तिन्ही वेळा तोच आकडा देतो, बाईंचा एक-दोनने हलतो."

"चूकसुद्धा तिन्ही वेळा तीच करत असेल," मी म्हटलं.

गणितवालीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळायला गेले.

"पण तो आणला तेव्हा कोणी ताडून नाही पाहिला?" मी आतून विचारलं.

"पाहिला. एकेक पेशी दाखवून. ही पेशी आहे का, ही आहे का. शंभरात नव्व्याण्णव बरोबर ओळखल्या. एकूण बेरीज कोणी ताडली नाही. ओळखता आल्यावर मोजता येणारच, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं." एवढं म्हणून ती वन्संकडे वळली. "ताई, मला करून दाखवा. काहीही मोजून दाखवा."

काहीही म्हणजे काय मोजणार? आमच्या टेबलावर मेणकापड आहे, पांढऱ्यावर निळ्या चौकटींचं, दहा वर्षांपूर्वीचं, एका कोपऱ्यात इस्त्रीने पिवळं पडलेलं. वन्संनी त्याकडे पाहिलं, मूठभर मसूर घेतले आणि हलक्या हाताने चौकटींवर पसरले. मग खुर्ची पुढे ओढली, उजवा डोळा मिटला आणि मोजायला लागल्या. खटका नव्हता तरी अंगठा हलत होता. नऊ घरं. वरच्या रांगेतली डावीकडून उजवीकडे, मग खालच्या रांगेतली. ह्या घरात मी त्यांना मोजताना पहिल्यांदा पाहिलं. चेहरा अगदी माझ्या सासूबाई पोथी वाचायच्या तसा.

"सत्तेचाळीस," वन्सं म्हणाल्या.

गणितवालीने कागद घेतला, एकेक घर बघून त्यात आकडा लिहिला, बेरीज केली. "त्रेपन्न."

वन्संचा चेहरा उतरला. "पुन्हा मोजते."

"थांबा. ह्या घरात तुम्ही किती धरले?"

"पाच."

"मला सहा दिसतात. हा नाही धरला?" तिने बोट ठेवलं. तो मसूर बरोबर निळ्या रेषेवर बसला होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

"तो खालच्या रेषेवर आहे," वन्सं म्हणाल्या.

"मग?"

"मग तो ह्या घराचा नाही. खालच्या घराचा. त्याची ती वरची रेष ना."

"हे कसं ठरलं?"

"कसं म्हणजे? वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या आपल्या. खालच्या आणि उजव्या रेषेवरच्या शेजाऱ्याच्या." वन्सं जरा वैतागल्या, जणू कोणी विचारलं होतं की चहा गाळून का घेता. "नाहीतर रेषेवरची प्रत्येक पेशी दोन्ही घरांत धरली जाईल, दोनदा."

गणितवालीने पेन खाली ठेवलं. मग मला म्हणाली, "वहिनी, ह्या नऊ घरांतले सगळे मसूर गोळा करा आणि नुसते मोजा. घरं-बिरं बघू नका."

बाहेरच्या कडेवर एकही नव्हता. मी ते सगळे वाटीत घेतले आणि एकेक करून ताटात टाकले. दोनदा मोजले, कारण मला सवय नाही. सत्तेचाळीस.

"सहा रेषेवर होते," वन्सं म्हणाल्या. त्यांना ते अजून दिसत असावेत.

गणितवालीने फोन काढला, कॉम्प्युटरवाल्यांना लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. हे गृहस्थ म्हणजे ज्यांनी मोजणीचा प्रोग्रॅम लिहिला ते. मागे कोणीतरी कपबशा आपटत होतं.

"एक सांगा," ती म्हणाली, "रेषेवरच्या पेशीचं तुम्ही काय करता?"

"रेषेवरच्या? दोन्ही घरांत घेतो."

"दोन्ही घरांत?"

"हो. डॉक्टरांची ताकीद होती, एकही पेशी सुटता कामा नये. त्यामुळे जिचा जरासा भाग घरात आहे ती त्या घरात धरायची. डोळ्यात तेल घालून लिहिलाय तो भाग. का? काही सुटतंय का?"

"नाही," गणितवाली म्हणाली. "सुटत काही नाहीये." आणि फोन बंद केला.

मला वाटलं आता वन्सं हसतील. निदान एक सुस्कारा तरी. त्या मेणकापडाकडे बघत होत्या.

"मग सत्तावीस नंबर?" त्यांनी विचारलं.

वन्संचा त्या नंबरावर जीव आहे हे गणितवालीला माहीत होतं. तिने पेन उचलून झोळीत टाकलं.

"त्या पेशी चढल्याच नाहीत का?"

"बघावं लागेल, ताई. सगळे फोटो पुन्हा मोजावे लागतील. पण पहिली दोन वर्षं तुमची रीत आणि नंतर त्याची. दहाव्या हिश्श्याने चढल्यासारखं दिसणारच."

"आणि चढल्यात किती?"

"साधारण तेवढ्याच."

चहा निवला होता. मी तो पुन्हा गरम केला आणि तिघींनी तो प्यायला. गणितवाली निघताना मेणकापडाचा फोटो काढून घेऊन गेली, इस्त्रीच्या डागासकट.

शुक्रवारी सकाळी मी देवापुढे बसले तर काय मागावं तेच समजेना. मंगळवारपासून मी मागत होते की वन्संची मोजणी बरोबर निघू दे. ती बरोबर निघत होती, आणि बरोबर निघाली की साठ माणसांचं औषध खोटं ठरत होतं. वन्संची चूक निघावी असं तर माझ्या तोंडून जाणार नाही. बराच वेळ बसले. शेवटी म्हटलं, जे खरं आहे ते दिसू दे, आणि वन्संचा डोळा बरा कर. दुसरी मागणी सोपी होती, निदान ती कोणाच्या आड येत नव्हती.

कॉम्प्युटरवाल्यांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली. एका वर्षाचे सगळे फोटो यंत्राने एका दुपारात पुन्हा मोजले. त्यातले शंभर वन्संनी पडद्यावर डोळ्यांनी मोजले, आणि ह्या वेळी दोघांचे आकडे एक-दोनने इकडेतिकडे, एवढेच. चढलेल्या पेशी खाली आल्या. साठांतल्या चार रोग्यांना औषध खरंच थोडं लागू पडलं होतं. बाकीचे होते तिथेच. सत्तावीस नंबर होता तिथेच.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी वन्संना पुन्हा बोलावलं. हे वन्संनी मला भांडी विसळताना सांगितलं. त्या विसळत होत्या, मी पुसत होते.

"बसायला सांगितलं का?" मी विचारलं.

"नाही. तेच उभे राहिले."

"मग?"

"म्हणाले, ही रेषांची रीत कुठे लिहून ठेवली आहे? म्हटलं, कुठेच नाही. थोरल्या बाईंनी मला सांगितली. म्हणाले, चौतीस वर्षांत तुम्ही कागदावर का नाही उतरवलीत? म्हटलं, इथे सगळे शिकलेले. मला वाटलं, सगळ्यांना माहीतच आहे."

"चिडले असतील."

"नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, तीन वर्षं गेली माझी. मी म्हटलं, डॉक्टर, त्या सत्तावीस नंबरला सांगा. त्याला वाटतंय आपण बरे होतोय. जुनं औषध सोडलं असेल त्याने. तर म्हणाले, सकाळपासून तेच करतोय, एकेकाला बोलावणं धाडतोय. सत्तावीस उद्या येतोय." वन्संनी एक पातेलं दोनदा विसळलं. "मग मी निघाले, तर दारात असताना विचारलं, तुम्ही कोणत्या डोळ्याने मोजता हो?"

"आत्ता!"

"आत्ता. म्हटलं, डाव्या. 'अच्छा' म्हणाले."

माफी वगैरे मागितली का, ते मी विचारलं नाही. ह्यांनी विचारलं, जेवताना. "माफी मागितली की नाही त्याने?"

"अच्छा म्हणाले ना, दादा," वन्सं म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला.

निबंध आता नव्याने लिहिताहेत. औषध लागू पडत नाही असा निबंध. तोही छापतात म्हणे, म्हणजे दुसऱ्या कोणी त्याच वाटेला जायला नको. त्यात मोजणीच्या रीतीचं एक वाक्य घातलं आहे, आणि ती रीत 'संस्थेतील प्रचलित पद्धत' आहे असं लिहिलं आहे. हे ऐकून ह्यांनी हात जोडले. वन्संना त्यात काही वावगं वाटलं नाही. थोरल्या बाईंचं तरी नाव कुठे होतं, म्हणाल्या.

कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. गणितवालीने तो वन्संच्याच अक्षरात लिहून घेतला: 'वरची आणि डावी आपली. खालची आणि उजवी शेजाऱ्याची.' कॉम्प्युटरवाले गृहस्थ म्हणे त्याला येता-जाता मान तुकवतात. चेष्टेने की खरंच, ते वन्संना सांगता आलं नाही.

आज मंगळवारी सत्तावीस नंबर येऊन गेला. वन्संनी पहिल्यांदा त्याला पाहिलं, बाकावर बसलेला, मांडीवर टोपी. बोलल्या नाहीत, बोलायची पद्धत नाही. जुनं औषध पुन्हा सुरू केलं. त्याची या महिन्याची काच डॉक्टरांनी वन्संना डोळ्यांनी मोजायला दिली, यंत्राला नंतर. दोघांचा आकडा जुळला. आकडा चांगला नव्हता.

घरी आल्या त्या सहाला. पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले, आणि कपाटावरची चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली.

"वहिनी, उद्या सकाळी मला सुट्टी आहे. तुमचं देवाचं आटोपलं की निघू."

उद्या नऊ वाजता वन्संना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं आहे, उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवायला.